टाचेमागचं बोट

मठपती सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. नव्या नोकरीसाठी नवे बूट घेतले होते आणि ते वाजवत स्टाफरूममध्ये सगळ्यांना नमस्कार करत फिरत होतो. कोपऱ्यात गळ्यात शिट्टी अडकवलेला एक जाडजूड गृहस्थ बसला होता. तो उठला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि माझ्या बुटात, टाचेच्या मागं, त्यानं आपली तर्जनी खुपसली. मी दचकून मागं सरकलो.

"हालू नका," तो म्हणाला. मग बोट बाहेर काढून पँटला पुसलं आणि निकाल दिला. "येक माप मोठा घेतलाव. दुकानदारानं गंडवलं का घरच्यांनी?"

घरच्यांनीच. माझं घर नांदेडचं. आमच्याकडं पायताण घेताना एक माप मोठंच घ्यायचं असतं. माणसाची तिशी उलटली, पोरं शाळेत जायला लागली, तरी दुकानात वडील सोबत असले की 'असू दे, वाढत्या अंगाचा घे' म्हणणारच. माझ्या बुटात पुढं कापूस भरलेला होता. मठपती सरांनी तोही ओळखला आणि चारचौघांत सांगितलाही. ते त्या महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक होते, हे मला नंतर कळलं.

लातुरात क्रीडाशिक्षक असणं म्हणजे एकादशीच्या घरी आचारी असणं. अख्ख्या मराठवाड्यातली पोरं इथं डॉक्टर व्हायला येतात आणि पहाटेपासून खुर्चीत बसतात. एका शिकवणीतून उठून दुसऱ्या शिकवणीला चालत जाणं एवढाच त्यांचा व्यायाम. आमच्या मैदानावर दुचाक्या लागत. खेळाचा तास वेळापत्रकात होता, पण तो फिजिक्सवाले परस्पर घेऊन टाकत आणि मठपती सरांना चहा पाजत. मीही शिकवतो तो विषय असा, की ज्याला कुणी शिकवणी लावत नाही. त्यामुळं आम्हा दोघांना भरपूर वेळ असे आणि आमची मैत्री झाली ती एकमेकांच्या गुणांमुळं नव्हे, रिकामपणामुळं.

सर उदगीरचे. घरात कानडी, बाहेर मराठी, रागात दोन्ही. प्रत्येक मुलाला ते 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ, आणि त्याच दमात त्याचा उद्धारही करत. गळ्यातली शिट्टी लग्नातही उतरत नसे. एका लग्नात अक्षता पडायला उशीर झाला म्हणून ती त्यांनी फुंकली होती आणि भटजी खरोखरच घाईला आले होते. पण त्यांचा खरा छंद टाचेचा. माणूस ओळखायचा तर त्याची टाच बघावी, असं त्यांचं मत होतं, आणि मत मागितलेलं नसलं तरी ते देत असत. पुतणीसाठी आलेलं एक चांगलं स्थळ त्यांनी मोडलं, कारण मुलगा चालताना त्याची टाच मोजडीतून सुटत होती. पुढं तो मुलगा तहसीलदार झाला. घरच्यांनी हे सरांना वर्षानुवर्षं ऐकवलं. सर म्हणत, "तहसीलदार झाला म्हनून टाच बसली का?"

हे टाचेचं वेड आलं कुठून, तर बर्फातून.

माझ्या येण्याच्या काही वर्षं आधी सर हिमाचलात एका प्रशिक्षण शिबिराला गेले होते. बर्फावर फळीला पाय बांधून घसरायचं, असा तो खेळ. सर त्याला स्नोबोर्ड न म्हणता फळीच म्हणत. शिबिराहून परत आले ते कडक कवचाच्या बुटांचा एक जोड घेऊन. बाहेरून प्लास्टिकचं टणक कवच, त्यावर कड्या, आणि आत मऊ अस्तराचा वेगळा बूट. कुणा शिक्षकानं वापरून टाकलेला तो जोड होता. लातुरात उतरताना सरांनी तो छातीशी धरला होता म्हणतात. लगेच त्यांनी जिल्ह्याची संघटना काढली आणि तिचे सचिव, प्रशिक्षक, पंच आणि निवड समिती असे सगळे ते स्वतःच झाले. बर्फावर त्यांची व्याख्यानं सुरू झाली. रोटरीत झालं, महिला मंडळात झालं, एका गणेश मंडळानं तर त्यांना 'हिमवीर' म्हणून फेटा बांधला. त्यांना बर्फाविषयी एक प्रश्न विचारावा आणि दोन तास गप्प बसावं. बर्फाचे प्रकार, बर्फाचा स्वभाव, बर्फ कधी माणसाला धोका देतो, सगळं ते अशा थाटात सांगत की जणू बर्फ त्यांच्या वर्गात होता.

आणि हा माणूस बर्फावर कधी उभाच राहिला नव्हता. हे मला कळलं ते अर्धापूरच्या एका क्रीडाशिक्षकाकडून. ते त्याच शिबिराला होते. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी हसत हसत सांगितलं की त्या वर्षी बर्फ पडलाच नाही. सगळे शिबिरार्थी रोज आकाशाकडं बघत बसत. शेवटी तिथल्या म्हाताऱ्या प्रशिक्षकानं, हॉलमध्ये बसून जे शिकवता येईल ते शिकवलं. म्हणजे बूट पायाला बसतो की नाही हे कसं बघायचं. बाकीच्यांनी पत्ते काढले. मठपती सर मात्र समोर बसून शिकले. खेळाचं त्यांचं सगळं ज्ञान बुटापाशी सुरू होऊन बुटातच संपत होतं.

तेवढं ज्ञान मात्र पक्कं होतं, हे मान्य करायला हवं. आतला मऊ बूट काढून ठेवायचा. नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढं भिडवायची आणि टाचेमागं उरलेल्या जागेत सरांचं बोट जायचं. एक बोट सहज आणि दुसरं अडखळत गेलं तर बूट बसला. मग आतला बूट घालून कड्या लावायच्या. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढं जरासा टेकला पाहिजे, गुडघे वाकवले की सुटला पाहिजे, आणि टाच जागची हलता कामा नये. मोजा एकच, तोही पातळ. हे सगळं ते मैदानावरच्या लिंबाखाली, मे महिन्याच्या उन्हात, घामानं निथळणाऱ्या पोराला प्लास्टिकच्या बुटात उभं करून तपासत. पोर कळवळलं तर म्हणत, "रड तम्मा. बर्फात अश्रू गोठतेत, हितंच रडून घे."

सराव व्हायचा तो सोयाबीनच्या भुसकटावर. सरांच्या मेव्हण्याच्या शेतात मळणीनंतर भुसकटाचा मोठा ढीग पडे. त्यावर पाणी मारून, फळी लावून, पोरांना वरून सोडायचं. बहुतेक पोरं मध्येच ढिगात घुसत आणि शिंका देत बाहेर येत. गावातले लोक बैलगाडी थांबवून बघत. दसऱ्याला सर त्या बुटांची पूजा करत. शस्त्र पाटावर मांडायचं तर आमचं शस्त्र हेच, असं त्यांचं म्हणणं. आमच्या प्राचार्यांना पायताणाला झेंडूची माळ हे काही पचेना. त्यांनी तोंड फिरवून हळद-कुंकू वाहिलं आणि नंतर साबणानं हात धुतले.

खरी गंमत पुढं आहे. आपल्याकडं खेळाडू पोरांना परीक्षेत जास्तीचे गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत काही जागा राखीव असतात. ज्या बापांनी पोराला जन्मात चेंडूला हात लावू दिला नाही, ते बाप अचानक क्रीडाप्रेमी होतात ते यामुळं. गर्दी नसलेला खेळ कुठला, याची चौकशी करत ते सरांकडं येऊ लागले. आणि फळीच्या खेळाला मराठवाड्यात गर्दी कशी असणार? राज्याच्या संघात आमच्या जिल्ह्याला एक जागा मिळायची. त्या जागेवर जो जाईल त्याच्या हातात वजनदार प्रमाणपत्र पडणार होतं. आता निवड कशी करायची? डोंगर नाही, बर्फ नाही, फळी एक, बुटांचा जोड एक. सरांनी डोकं लावलं आणि नियम केला, की हा जोड ज्याच्या पायाला बरोबर बसेल तो जाईल.

इतका अजब नियम मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही. पण लातूरच्या पालकांनी तो प्रवेशपरीक्षेसारखा मनावर घेतला. लहान पायाची पोरं दोन-दोन मोजे, वर कापूस, असा ऐवज आत घालून येत. मोठ्या पायाच्या पोरांचे बाप खोबरेल तेल आणि चमचा आणत. एका डॉक्टरांनी, म्हणजे शिकलेल्या माणसानं, पाय आखूड करायचा काही व्यायाम असतो का असं मला विचारलं होतं, कारण मी सरांचा मित्र. सर कुणालाच बधले नाहीत. बोट घालत, काढत आणि 'पुढचा' म्हणत. बर्फाविषयी इतकं खोटं बोलणारा हा माणूस टाचेविषयी मात्र एकदाही खोटं बोलत नाही, हे बघून मला हसू यायचं आणि थोडा रागही यायचा. नसेलच बोलायचं खरं, तर सगळीकडं सारखं खोटं तरी बोलावं.

बूट बसला तो प्रतीक्षा कांबळेला. ती माझ्या वर्गातली, कला शाखेची. सगळं गाव डॉक्टर व्हायला निघालेलं आणि ही पोलीस व्हायला निघालेली. वडील उदगीरच्या मोंढ्यात पोती वाहत. एकदा भरतीत ती अगदी थोडक्यात राहिली होती. खेळाडूंच्या जागेतून तरी आत जाता येईल म्हणून ती सरांच्या भुसकटावर येऊ लागली, आणि तिथं ती एकटीच अशी होती की जी शिंका न देता खाली पोचायची. बुटात पाय घातल्यावर ती ताठ उभी राहिली, वाकली, पुन्हा उभी राहिली. सरांनी एक बोट घातलं, दुसरं अडखळत घातलं. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मुलीचं लग्न ठरल्यावर बापाचं होतं तसं.

पण आमच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब, त्यांना एक पुतण्या होता. हर्षवर्धन. पोरगा वाईट नव्हता, नुसता मोठा होता. त्याचं पाऊल सरांच्या बुटात अर्ध्यावरच अडकत होतं. आबासाहेबांनी हा प्रश्न त्यांच्या पद्धतीनं सोडवला. परदेशातून कोऱ्या बुटांचा जोड मागवला. जिल्ह्यात आता दोन जोड झाले, तेव्हा दुसऱ्याच्या मालकाला जागा द्यायला काय हरकत आहे, असा साधा हिशोब. नुसता जोड मागवून ते थांबले नाहीत. संस्थेच्या वर्धापनदिनाला, पाहुणे आणि पालकांनी भरलेल्या सभागृहात, मंचावर टेबल मांडून, हार घालून, मठपती सरांनी त्या बुटांची तपासणी करावी आणि जिल्ह्याचा खेळाडू म्हणून हर्षवर्धनचं नाव जाहीर करावं, असं ठरलं. प्राचार्यांनी सरांना आदल्या दिवशी बोलावून काय बोलायचं ते समजावून सांगितलं. सरांनी मान डोलावली. मला वाटलं, संपलं. प्रतीक्षालाही तसंच वाटलं असावं. ती मुलींच्या मागच्या रांगेत बसली होती.

सर मंचावर उकिडवे बसले. आतला बूट काढून ठेवला. हर्षवर्धननं कवचात पाय घालून बोटं पुढं भिडवली. सरांचं एक बोट आत गेलं. दुसरं गेलं, तिसरं गेलं, मग मूठच जाते की काय असं वाटायला लागलं. ज्या आबासाहेबांनी परदेशातून बूट मागवला, त्यांनीच तो मोठा मागवला होता. पोरगं वाढायलंय, पुढच्या वर्षीही चालेल. नांदेड-लातूरचा माणूस कुठल्याही पदाला पोचला तरी चपलेच्या दुकानात त्याचा बाप त्याच्या आत जिवंत असतो.

घोषणा ऐकू यावी म्हणून प्राचार्यांनी माईक सरांच्या तोंडाशी धरला होता. त्यामुळं पुढचं सगळं सभागृहानं ऐकलं.

"बसत न्हाई," सर म्हणाले.

आबासाहेब खुर्चीतून उठले नाहीत. आवाजही चढवला नाही. "सर, हात काढा बाहेर."

"काढतो की. हात काढला तरी जागा ऱ्हातीच."

"दोन मोजे घालंल तो."

"मोज्यानं पाय गरम हुतो आबासाहेब. मोठा हुत न्हाई."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आबासाहेबांनी विचारलं, मग कुणाला बसतो? ज्याचं उत्तर समोरच्यानं गिळावं असा तो प्रश्न होता. अशा प्रश्नांवर आमच्या संस्थेत सगळेच गिळत आले आहेत, मीही. सरांनी मागच्या रांगेकडं बघून प्रतीक्षाला हाक मारली. स्वतःच्या पिशवीतून जुना जोड काढला. ती पोर मंचावर आली, चपला काढल्या, धुळीचे पाय ओढणीनं पुसायला वाकली. सरांनी तेवढंही करू दिलं नाही. तिचं पाऊल हातात घेऊन कवचात घातलं, बोट घातलं, आतला बूट चढवला आणि गुडघ्यावर बसून एकेक कडी लावली.

मोंढ्यातल्या हमालाची, कांबळ्यांची पोर उभी आणि लिंगायत पुजाऱ्यांच्या घरातले मठपती तिच्या पायाशी बसलेले. समोरच्या रांगेतल्या पुष्कळ लोकांना तिथं टाचेपेक्षा जास्त काही दिसत होतं. सरांना नव्हतं दिसत. ते काही सुधारक नव्हते. पुतणीची स्थळं बघताना पोटजातही विचारून घ्यायचे. पण पायात बूट असला की त्यांना पुढचं काही दिसायचंच नाही. मला त्या क्षणी त्यांचा विलक्षण अभिमान वाटला. स्टाफच्या रांगेत बसून तो जेवढा वाटून घेता येतो तेवढा.

"हिला बसतोय," ते माईकमध्ये म्हणाले. "टाच हालत न्हाई. हीच जाईल."

टाळ्या सगळ्यात आधी आबासाहेबांनी वाजवल्या आणि सगळ्यात शेवटी थांबवल्या. मुरलेला माणूस. दुसऱ्या दिवशी सरांच्या हातात कागद पडला. जूनपासून बदली, संस्थेच्या उमरीच्या शाळेत. स्पर्धेसाठी रजा मिळेल, पण बिनपगारी. प्रवासखर्च मिळणार नाही, कारण संस्थेचा या खेळाशी संबंध नाही. संबंध नाही हे तर खरंच होतं.

उत्तरेकडं जाणारी गाडी नांदेडहून सुटते, म्हणून सर, प्रतीक्षा आणि तिची आई आदल्या दिवशी आमच्याकडंच मुक्कामाला आले. माझी बायको नांदेडला बँकेत, मी लातूरला, असा आमचा संसार. स्टेशनवर सर बुटांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. प्रतीक्षासाठी त्यांनी लोकरीची टोपी, हातमोजे, जाड कोट, कुणाकुणाकडून मागून सगळं जमवलं होतं. मोज्यांचे पातळ जोड निवडून घेतले होते. स्वतःच्या अंगावर कॉलेजचा ट्रॅकसूट आणि पायात पांढरे कापडी बूट, खडू लावून चकचकीत केलेले. जिल्ह्याचे प्रशिक्षक मैदानावर जातात तशाच वेशात निघाले होते.

पुढचं मला प्रतीक्षानं सांगितलं. ती बोलताना उगाच काही वाढवत नाही, म्हणून मला ते खरं वाटतं.

वर डोंगरात स्पर्धेच्या गावी गाडी पोचली. सरांनी उतरून, वाकून, आखाड्यात उतरताना करतात तसा, बर्फाला हात लावून कपाळाला लावला. काही बोलले नाहीत. प्रतीक्षाला नवल वाटलं, कारण लातूरपासून ते बर्फावरच बोलत आले होते. स्पर्धेच्या दिवशी धुकं होतं म्हणून सगळं लांबत गेलं. बाकीच्या जिल्ह्यांचे, राज्यांचे प्रशिक्षक मोठाले बूट घालून आले होते, तेही शेकोटीच्या खोलीत जाऊन बसले. सर सकाळपासून बाहेरच. तिथं पोरं बुटांनी रडकुंडीला आली होती. कुणाचे सैल, कुणाचे आवळलेले. सरांनी एकेकाला बसवून, बर्फात गुडघे टेकून, सगळ्यांचे बूट नीट बसवले. भाषा कळत नव्हती, तरी सगळ्यांना तम्मा म्हणत होते. आयोजकांनी येऊन सांगितलं, आत बसा, चहा घ्या. सर हलले नाहीत. प्रतीक्षाची आईही सांगून दमली.

मी विचारलं, का नाही गेले आत?

"आत सगळे कोच बोलत बसले होते सर," प्रतीक्षा म्हणाली. "उतार किती, बर्फ कसाय, तुमच्याकडं कुठं प्रॅक्टिस करता. मला वाटतं आमचे सर त्यालाच भ्यायले. भाईर कुणी काई इचारत न्हवतं."

तिची पाळी दुपारनंतर आली. ती दोनदा पडली, दोनदा उठली आणि उभ्यानं खाली पोचली. निकालात तिच्यामागं फारसं कुणी नव्हतं. खाली सरांनी शिट्टी अशी फुंकली की पंचांनी येऊन समज दिली. संध्याकाळी खोलीत सगळ्यांनी ओले मोजे बदलले. सर ओल्या कापडी बुटांतच झोपले. सकाळी निघायचं होतं, पुन्हा कशाला सोडायचे म्हणून. रेल्वेतही बूट काढले नाहीत. त्यांना साखरेचा आजार होता. पाय आधीच बधिर असायचे, त्यामुळं दुखलं काहीच नाही.

नांदेडला मी न्यायला गेलो तेव्हा ते किंचित लंगडत होते. गाडीत बसून अवघडलो म्हणाले. घरी बायकोनं पाय धुवायला गरम पाणी काढलं. डावा बूट निघेना. आयुष्यभर लोकांच्या पायाला काय बसतं ते बघणाऱ्या माणसाचा, बाजारात कुठंही मिळणारा कापडी बूट शेवटी आम्हाला कात्रीनं कापावा लागला. आतली बोटं काळी पडली होती. प्रतीक्षाच्या आईनं पदर तोंडाला लावला. सर त्या पायाकडं दुसऱ्याचा असल्यासारखे बघत होते. मला इतका राग आला की मी तडक बाहेर जाऊन रिक्षा आणली. राग त्यांच्या मूर्खपणाचा होता आणि रडू मात्र मला येत होतं.

डाव्या पायाची बोटं काढावी लागली. आबासाहेबांनी शाल आणि नारळ पाठवला. लातूरहून स्टाफ भेटायला आला, त्यात फिजिक्सवाले होते आणि त्यांनी कॅन्टीनमधून चहा मागवला.

पुढच्या वर्षी संघटनेचे सचिव आबासाहेबांचे मेहुणे झाले. हर्षवर्धन त्याच मोठ्या बुटांसकट स्पर्धेला गेला. त्या वर्षी बर्फ पडला नाही. स्पर्धा रद्द झाली आणि प्रमाणपत्रं सगळ्यांना मिळाली. ते प्रमाणपत्र कुठंतरी चाललंही असं ऐकतो. प्रतीक्षाच्या प्रमाणपत्राची पडताळणी अजून चालू आहे. ती वाट बघत बसली नाही. पुन्हा भरतीत उतरली, साध्या रांगेत उभी राहून धावली आणि निवडली गेली. म्हणजे ज्या कागदासाठी हे सगळं झालं त्याचा तिला काडीचाही उपयोग झाला नाही. हे मी सरांना सांगितलं नाही. तिनं सांगितलं असेल.

उमरी नांदेडहून जवळ. सर नांदेडला पायाच्या तपासणीला आले की आमच्याकडं चहाला थांबत. शेवटचे आले ते गेल्या हिवाळ्यात. आमच्या ओट्यावर, उन्हात पाय लांब करून बसले होते. पायात दवाखान्यानं दिलेली जाड चप्पल होती. उमरीच्या शाळेत त्यांना ग्रंथालय दिलं होतं. आता शिट्टी नव्हती. बोलणं इकडचं तिकडचं चाललं होतं. पाऊस, केळीचा भाव, पुतणीचं एकदाचं जमलेलं लग्न.

माझ्या बायकोनं चहा आणून दिला. तिला त्यांची व्याख्यानं माहीत नव्हती. ती लातूरला कधी राहिलीच नाही. कप पुढं करत तिनं अगदी सहज विचारलं, की आम्ही काही तिकडं कधी गेलो नाही सर, तुम्ही तर जाऊन आलात, बर्फ कसा असतो हो?

मी कप खाली ठेवला आणि पुढच्या दोन तासांची तयारी केली. सरांनी चहा बशीत ओतला.

"वल्ला असतोय वहिनी," ते म्हणाले. "मला कुनी सांगितलंच न्हवतं."